टिलर जड झाला की आधी काय बघायचं: छोट्या शिडाच्या बोटीतला वेदर हेल्म

गोव्यात पावसाळा सरल्यावर सकाळचा मतलई वारा दहा-अकराच्या सुमारास मरतो, थोडा वेळ पाणी निपचित पडतं आणि मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो. आठ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात आग्वादच्या बाहेर मजेत चाललेली पंचवीस फुटी बोट तीनच्या सुमारास पंधरा नॉटांत एका अंगावर कलते. टिलर, म्हणजे रडर (सुकाणू) फिरवायचा दांडा, छातीशी ओढून धरावा लागतो. हात जरा सैल केला की बोट आपणहून वाऱ्याच्या तोंडावर जाते आणि शिडं फडफडवत उभी राहते. हा वेदर हेल्म. त्यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे जिब (पुढचं शीड) गुंडाळणं, कारण फर्लरची (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेची) दोरी कॉकपिटमध्ये हाताशीच असते. नेमका हाच उपाय बहुतेक वेळा दुखणं वाढवतो. का ते पुढे आकड्यांनिशी येईलच.

इथलं सगळं २२ ते ३० फुटांच्या, एक डोलकाठी, एक मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) आणि एक जिब किंवा जेनोआ (मोठी जिब) असलेल्या, कीलवाल्या (तळाला जड पातं असलेल्या) बोटींसाठी आहे. रेसिंगच्या हलक्या डिंग्यांचं तंत्र थोडं वेगळं असतं.

जडपणा वेगळा, कोन वेगळा

टिलर ओढायला जोर लागतो एवढ्यावरून वेदर हेल्म ठरवू नका. बोट सरळ जावी म्हणून रडर किती अंश वळवून धरावा लागतो, तो झाला वेदर हेल्म. तो कोन धरायला हाताला किती जोर लागतो, हे रडरच्या बांधणीवर आहे. ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला, लटकवलेला रडर चार अंशांवरही हात दुखवू शकतो. उलट, बोटीच्या पोटाखालच्या बॅलन्स्ड (आसाच्या पुढेही थोडं पातं असलेल्या) रडरची बोट बारा अंशांवर दोन बोटांनी चालते आणि रडर सतत ब्रेक लावतोय हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून आधी मोजा. रडरच्या पिनपासून टिलरवर बरोबर एक मीटर अंतरावर खूण करा. टिलर मधोमध असताना त्या खुणेखाली कॉकपिटमध्ये आडवी दोरी ताणा, किंवा तिथेच ट्रॅव्हलरची (मेनसेलची दोरी आडवी सरकवायची) पट्टी असेल तर ती वापरा, आणि मध्यावर रंगीत टेप लावा. मध्यापासून दोन्ही बाजूंना ९ सेंटिमीटरवर दुसरी टेप, साडेसतरा सेंटिमीटरवर तिसरी. दुसरी खूण ५ अंशांची, तिसरी १० अंशांची. चाक असलेल्या बोटीत चाकाच्या वरच्या आऱ्याला दोरा गुंडाळा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक किती फिरतं ते मोजून हिशोब काढा. एकूण ७० अंशांच्या रडरसाठी चाक दीड फेरा फिरत असेल, तर रडरच्या एका अंशाला चाक पावणेआठ अंश फिरतं.

वाऱ्यावर जवळून चालताना ३ ते ५ अंश वेदर हेल्म हवाच. तेवढ्यात रडर कीलबरोबर बोटीला वाऱ्याकडे उचलतो, बाजूला वाहणं थोडं कमी होतं, आणि हात सुटलाच तर बोट वाऱ्याकडे वळून थांबते, ही सुरक्षितता आहेच. दहाच्या वर गेलात की रडरचा फायदा संपून नुसता अडथळा उरतो. पंधरा-वीसच्या आसपास पाणी रडरच्या पाठीवरून सुटतं आणि टिलर कितीही ओढला तरी बोट ऐकत नाही. ‘बोट अचानक फिरली’ असं लोक सांगतात, त्यात अचानक काहीच नसतं. टेपवर तिसरी खूण ओलांडून बराच वेळ झालेला असतो.

बोट वाऱ्याकडे का वळते

शिडांवरचा सगळा जोर एका बिंदूत एकवटलाय असं धरता येतं, त्याला शिडांचा मध्य म्हणू. पाण्याखाली कील, रडर आणि बुडालेलं अंग बाजूला सरकायला जो विरोध करतात, त्याचाही एक मध्य असतो. शिडांचा मध्य मागे गेला की वारा बोटीची शेपटी वाऱ्याआड (वारा जातो त्या बाजूला) ढकलतो आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे येते.

हे चित्र बरोबर आहे, पण अर्धंच. बोटीचा आराखडा करणारे कागदावर शिडांचा मध्य पाण्याखालच्या मध्याच्या पुढेच ठेवतात, वॉटरलाइनच्या (पाण्याला टेकलेल्या लांबीच्या) साधारण ५ ते १५ टक्के पुढे. तरीही बोटीला वेदर हेल्म येतो, कारण कागदावर बोट उभी असते आणि पाण्यात ती कलते.

कललेल्या बोटीची शिडं बाजूला, पाण्यावर ओणवी झालेली असतात. पुढे ओढणारा जोर तिथून लागतो आणि पाण्याचा अडथळा मात्र खाली कीलपाशी, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला. हातगाडीची एकच मूठ धरून ढकलली की गाडी दुसऱ्या बाजूला वळते, तसाच हा प्रकार. शिडांचा मध्य पाण्याखालच्या मध्यापेक्षा साडेचार मीटर उंच धरला, तर १० अंश कलल्यावर तो ७८ सेंटिमीटर बाजूला जातो, १५ अंशांवर १ मीटर १६ सेंटिमीटर आणि २५ अंशांवर १ मीटर ९० सेंटिमीटर. म्हणजे बोट २५ वरून १५ अंशांवर आणली की वळवणारा हात जवळजवळ पाऊण मीटरने आखूड होतो. शिवाय कललेल्या अंगाचा पाण्यातला आकारही एकाच बाजूला फुगीर होतो आणि तोही नाळ वाऱ्याकडेच लोटतो. हा पाऊण मीटरचा आकडा लक्षात ठेवा, डोलकाठीचा कल बदलण्याच्या खटाटोपाशी त्याची तुलना पुढे करायची आहे.

आता शिडांच्या मध्याचा हिशोब. १४ चौरस मीटरचं मेनसेल, १२ चौरस मीटरची जिब. मेनसेलचा मध्य डोलकाठीच्या १.३ मीटर मागे, जिबचा ०.९ मीटर पुढे. दोन्ही मिळून मध्य डोलकाठीच्या २८ सेंटिमीटर मागे पडतो. अर्धी जिब गुंडाळली की तो आणखी सुमारे २० सेंटिमीटर मागे जातो. पूर्ण गुंडाळली तर मीटरभर मागे. त्याऐवजी जिब तशीच ठेवून मेनसेलला पहिला रीफ घेतला, म्हणजे खालचा पट्टा बांधून शीड लहान केलं, तर मध्य २० सेंटिमीटर पुढे येतो. प्रत्येक बोटीचे आकडे थोडे वेगळे येतील, दिशा तीच राहील. जोर कमी करायला दोन्ही चालतात, पण जिब गुंडाळून टिलरचं दुखणं वाढतं ते यामुळे.

पाण्यावरची तपासणी

हत्यारांना हात लावण्याआधी एक दुपार तपासणीला द्या. आग्वाद आणि काबो यांच्या मधल्या खाडीत, जहाजांच्या आणि बार्जच्या वाटेपासून दूर, १० ते १२ नॉट वारा असताना हे बरं जमतं. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी खाऱ्या वाऱ्याला भिडून आखूड, उभी लाट उठते. त्या लाटेत टिलर सतत हलतो आणि माप लागत नाही, म्हणून भरती सुरू झाल्यावर जा.

शिडं उतरवून इंजिनवर चार-पाच नॉटांनी सरळ जा. टिलर एका बाजूला किंचित ओढला जाणं हे प्रोपेलरमुळे, ते सोडून द्या. टिलर दोन्हीकडे ताठ वाटत असेल तर दोष बुशांचा (रडरच्या आसाभोवतीच्या कड्यांचा) किंवा रडरचा आहे, शिडांचा नाही. मग शिडं लावून दोन्ही टॅकवर (वारा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घेत) क्लोज हॉल्ड, म्हणजे वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं, चालवा, हीलचे (कलण्याचे) आणि टिलरचे अंश लिहून घ्या. हील मोजायला फोनचं साधं अ‍ॅपही पुरतं. एका टॅकवर ५ अंश आणि दुसऱ्यावर १० येत असतील, तर डोलकाठी बाजूला झुकलेली असण्याची शक्यता आधी बघा. शेवटी मेनशीट (मेनसेल आत ओढायची दोरी) सोडून मेनसेल फडफडू द्या आणि नुसत्या जिबवर चाला. टिलर लगेच मोकळा झाला तर दोष मेनसेलच्या बाजूला. झाला नाही तर रडर आणि बोटीतलं वजन तपासायला हवं.

मेनसेलचा जोर सोडणं

नव्वद टक्के वेळा इथेच काम होतं असं म्हणायचा मोह होतो. टक्के कुणी मोजलेले नाहीत, पण सुरुवात इथूनच करायची.

ट्रॅव्हलर असेल तर झुळूक आली की मेनशीटला न शिवता ट्रॅव्हलर १५-२० सेंटिमीटर वाऱ्याआड सोडा. शिडाचा आकार तसाच राहतो, कोन कमी होतो, बोट उभी राहते. लफजवळ, म्हणजे डोलकाठीच्या कडेला, शीड थोडं उलटं फुगलं तरी घाबरू नका. मागची कड भरलेली असेपर्यंत बोट चालते. ट्रॅव्हलर नसेल तर व्हँग, म्हणजे बूमला (शिडाच्या तळाच्या आडव्या काठीला) खाली धरणारी दोरी, घट्ट करून मेनशीट सोडा. मग बूम वर न उचलता नुसता बाजूला जातो.

त्यानंतर शीड सपाट करायचं. आउटहॉल (शिडाचा मागचा कोपरा बूमवर ताणणारी दोरी) दोन-तीन सेंटिमीटर ओढा. हॅल्यार्ड (शीड वर चढवायची दोरी) इतका ताणा की लफवरच्या आडव्या सुरकुत्या जाऊन उभी घडी दिसू लागेल, मग ती घडी पुसटेपर्यंत किंचित सैल करा. कनिंगहॅम (लफ खाली ताणणारी दोरी) असेल तर हॅल्यार्डऐवजी तोच ओढा, चालत्या बोटीत ते सोपं जातं. बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) ताणला की बारीक डोलकाठी वाकते आणि मेनसेलचं पोट कमी होतं. जुन्या क्रूझिंग बोटींची जाड डोलकाठी फारशी वाकत नाही, पण तिथेही फोरस्टे (पुढून धरणारी तार) ताठ होऊन जिब सपाट होते, हे कमी नाही.

वरच्या बॅटनच्या (शिडातल्या पट्टीच्या) टोकाला टेलटेल (वारा दाखवणारी फीत) शिवून घ्या. ती सारखी लीचच्या (मागच्या कडेच्या) मागे लपत असेल तर मेनशीट जास्त ओढलीय. लपत-दिसत राहिली तर बरोबर. आपल्याकडे शिकताना मेनशीट घट्ट ओढून ठेवायची सवय लागते आणि मग वारा वाढला तरी ती सोडायला हात धजत नाही.

माणसं हलवणं फुकट असतं. तीन जण वाऱ्याकडच्या कडेला बसले तर दोनशे किलो वजन योग्य जागी जातं. चहा घेऊन वाऱ्याआडच्या बाकावर रेललेल्या पाहुण्यांना उठवायला संकोच करू नये.

रीफ, आणि तो कसा बिघडतो

चालत्या बोटीवर जाणवणारा वारा १५ ते १८ नॉट झाला, किंवा ट्रॅव्हलर पूर्ण सोडूनही हील २० अंशांच्या वर राहिली, की पहिला रीफ. गोव्याच्या दुपारी वारा एकदम येत नाही, चढत जातो. त्यामुळे दोनच्या सुमारास, हात मोकळे असताना रीफ घेणं शहाणपणाचं. चारनंतर वारा उतरायला लागतो, तेव्हा सोडता येतो.

क्रम असा. व्हँग सैल, टॉपिंग लिफ्ट (बूम वरून पेलणारी दोरी) घट्ट, मेनशीट सोडून मेनसेल रिकामं. हॅल्यार्ड खुणेपर्यंत उतरवा, रीफचा पुढचा कडा हुकात अडकवा, हॅल्यार्ड पुन्हा घट्ट करा. हे झाल्यावरच मागची रीफ दोरी ओढा, मग टॉपिंग लिफ्ट सैल करून व्हँग आणि मेनशीट लावा.

घोळ मागच्या कोपऱ्यात होतो. रीफ दोरीने तो कोपरा खालीही खेचायला हवा आणि मागेही. बूमवरची दोरीची जागा कड्याच्या बरोबर खाली असेल तर दोरी नुसती खाली ओढते, शिडाचा तळ पिशवीसारखा लोंबतो आणि रीफ घेऊनही टिलर तितकाच जड राहतो. ही जागा कड्याच्या दहा-पंधरा सेंटिमीटर मागे हवी. रीफ ‘लागला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच बोटींत एवढंच चुकलेलं असतं.

ज्यांच्याकडे डोलकाठी ते फोरस्टे या अंतराच्या १४० किंवा १५० टक्क्यांचा मोठा जेनोआ आहे, त्यांच्यासाठी थोडा वेगळा सल्ला. एवढा जेनोआ डोलकाठीच्या बराच मागे येतो आणि स्वतःच बोट कलती करतो. मेनसेलला एक रीफ घ्या आणि जेनोआ चार-पाच फेरे गुंडाळून ११० टक्क्यांच्या आसपास आणा. गुंडाळल्यावर जेनोआची कार (तिची दोरी वळवणारी सरकती कप्पी) पुढे सरकवायला विसरू नका, नाहीतर वरचं शीड सैल पडून फडफडत राहतं. तीस टक्क्यांहून जास्त गुंडाळलेल्या जेनोआचं पोट बेढब होतं, तिथे छोटी जिबच लावलेली बरी.

बाजूच्या वाऱ्यावर, बीम रीचला, टिलर जड झाला तर व्हँग सोडा. बूम वर उचलतो, शिडाचा वरचा भाग वारा सांडतो. तिथे एवढं पुरतं.

रडर: दहा अंशांची गफलत

वर उचलता येणाऱ्या रडरच्या बोटींसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मांडवी-जुवारीच्या उथळ जागी, चिखलीच्या बाजूला किंवा आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर पातं तळाला घासतं, थोडं मागे सरकतं, आणि खाली ओढणारी दोरी क्लीटमध्ये (दोरी अडकवायच्या पकडीत) घसरून तशीच राहते. वरून बघताना काही दिसत नाही.

८० सेंटिमीटर लांबीचं पातं १० अंश मागे झुकलं तर त्याचं टोक १४ सेंटिमीटर मागे जातं, मध्य ७ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर रुंद पात्यावर पाण्याचा जोर पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर, म्हणजे साडेसात सेंटिमीटरवर पडतो. रडरचा आस पुढच्या कडेलाच असेल तर आधी साडेसात सेंटिमीटरचा असलेला हात आता साडेचौदाचा झाला. हाताला लागणारा जोर जवळजवळ दुप्पट, आणि वेदर हेल्मचा कोन मात्र जवळपास होता तेवढाच. टेपच्या खुणा इथे उपयोगी पडतात. टिलर जड आहे पण खुणेवर ४ अंशच दिसताहेत, तर शिडांशी झटापट न करता पातं पूर्ण खाली आहे का ते बघा.

खाली ओढणारी दोरी ५ किंवा ६ मिलिमीटरची, न ताणली जाणारी डायनिमा हवी. साधी पॉलिस्टर ताण आल्यावर थोडी लांबते आणि तेवढ्यात पातं दोन-तीन अंश मागे जातं. पातं तळाला आदळल्यावर आपोआप सुटणारं क्लीट लावलं तर रडर मोडण्याची भीती राहत नाही.

बुश तपासायला बोट मुरिंगवर उभी असताना टिलर दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अडकत असेल तर नायलॉनचे बुश पाणी पिऊन फुगलेले असतात. ते काढून आतून किंचित घासा किंवा असिटालचे बसवा, ते पाणी जवळपास पीत नाहीत. पात्यावर चढलेली बार्नॅकल्स दर पंधरवड्याला खरवडा. इथल्या कोमट खाऱ्या पाण्यात ती भराभर वाढतात, आणि खडबडीत पात्यावरून पाणी कमी कोनातच सुटतं.

नाळेतलं वजन

नाळ पाण्यात बसली की पाण्याखालचा मध्य पुढे येतो आणि वेदर हेल्म वाढतो. ८ मिलिमीटर साखळीचं वजन मीटरमागे सुमारे १.४ किलो, तीस मीटरचं ४२ किलो. त्यात दहा किलोचा नांगर, पुढच्या बर्थखालची ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, आणि बर्थवर टाकलेली जादा शिडं. दीडशे किलो सहज नाळेत जातात.

नदीत आणि खाडीत दिवसापुरतं नांगरायला दहा मीटर साखळी आणि पुढे तीस-चाळीस मीटर नायलॉन दोर पुरतो. साखळीचेच २८ किलो वाचतात. बाकी सामान मध्यात, कीलवर आणा. सगळं शेपटीत कोंबू नका, दोन्ही टोकांना वजन झालं की बोट लाटेत जोरात डुलते आणि दर लाटेला टिलर पुन्हा हाताला झटका देतो.

डोलकाठीचा कल

वरचं सगळं करून झाल्यावर, शांत वाऱ्यातही टिलर १० अंश मागत असेल, तरच इथे यायचं. डोलकाठी पुढे आणली की शिडांचा मध्य पुढे येतो. किती? ९ मीटरच्या डोलकाठीचं टोक १० सेंटिमीटर पुढे आणलं तर शिडांचा मध्य साधारण ४ सेंटिमीटर पुढे जातो. वाऱ्यावर चालताना बाजूचा जोर पुढच्या जोराच्या ढोबळ मानाने तिप्पट असतो, म्हणजे या ४ सेंटिमीटरचा परिणाम हीलच्या हिशोबात १२ सेंटिमीटरएवढा. हील दहा अंशांनी कमी करून मिळणारा पाऊण मीटर एकीकडे आणि हे बारा सेंटिमीटर एकीकडे. फोरस्टे आखूड करायची घाई लोकांना का होते, कळत नाही. तरी ज्या बोटीचा कल खरोखर जास्त आहे, तिला फरक पडतो.

मोजायचं ते पहाटे-सकाळी, खारा वारा यायच्या आत, बोटीत नेहमीचं सामान आणि पाणी भरून. मेन हॅल्यार्डला दोनेक किलोचं वजन बांधा, बूमच्या सांध्याच्या उंचीवर लोंबू द्या आणि ते पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे झोके थांबतील. डोलकाठीच्या मागच्या बाजूपासून दोरापर्यंतचं अंतर घ्या. हॅल्यार्ड वर कप्पीतून डोलकाठीच्या थोडा मागे उतरतो, ते अंतर वजा करा. ९ मीटरला एक अंश म्हणजे १६ सेंटिमीटर. बहुतेक क्रूझिंग बोटींना एक ते दोन अंश, म्हणजे १६ ते ३१ सेंटिमीटर चालतात. चाळीसच्या वर असेल तर कमी करायला वाव आहे.

फोरस्टे किती आखूड करायचा हे डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या अंतरावर ठरतं. ते अंतर २.८ मीटर असेल तर फोरस्टे ९.४ मीटरचा होतो, आणि तो ३ सेंटिमीटर आखूड केला की टोक १० सेंटिमीटर पुढे येतं. एका वेळी यापेक्षा जास्त नको. तीन-अष्टमांश इंचाच्या टर्नबकलचा (तार ताणायच्या दुहेरी स्क्रूचा) एक पूर्ण फेरा साधारण २.१ मिलिमीटर खेचतो, म्हणजे चौदा फेरे.

सुरुवातीला प्रत्येक टर्नबकलवर उघडे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा, परत जायची वाट ती. जिबचा हॅल्यार्ड नाळेवरच्या भक्कम कड्याला बांधून ताणा, म्हणजे फोरस्टे सुटला तरी डोलकाठी उभी राहील. मग बॅकस्टे सैल करा, त्याला फोरस्टेइतकं किंवा थोडं जास्त अंतर द्यावं लागतं. मागचे लोअर श्राउड (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या खालच्या तारा) सैल. आता फोरस्टेचा टर्नबकल फिरवा. फर्लर असेल तर तो बहुधा ड्रमच्या आत लपलेला असतो, ड्रम वर उचलून बांधावा लागतो. स्टेनलेसचे कोरडे आटे जोराने फिरवले की जाम होऊन कायमचे बसतात, म्हणून आधी लॅनोलिन लावा. टर्नबकलच्या अंगात बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे राहिले पाहिजेत. फिरवायला जागाच उरली नसेल तर एक टॉगल (तारेच्या टोकाचा हलता सांधा) काढून बघा, पण सगळे काढू नका. टॉगल नसलेली तार सांध्यापाशी वाकून तुटते.

नंतर पुढचे लोअर घ्या, मागचे जुळवा, आणि डोलकाठी बाजूला झुकली नाही ना हे बघा. मेन हॅल्यार्डचं टोक एका बाजूच्या चेनप्लेटला (बाजूच्या तारा बोटीला जिथे बसतात त्या पट्टीला) लावून खूण करा आणि तसंच दुसऱ्या बाजूला लावा. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. सगळ्या कॉटर पिना परत घाला आणि त्यांच्या टोकांवर टेप गुंडाळा.

मग पुन्हा पाण्यावर. सहा नॉटांच्या वाऱ्यात टिलर मधोमध किंवा किंचित वाऱ्याकडे ओढलेला हवा. उलट तो वाऱ्याआड ढकलून धरावा लागत असेल, म्हणजे बोट वाऱ्यापासून पळायला बघत असेल, तर तुम्ही जास्त पुढे गेलात. हा ली हेल्म, आणि तो वेदर हेल्मपेक्षा वाईट. अर्धे फेरे परत द्या.

शीडच म्हातारं झालं असेल तर

डॅक्रॉनचं शीड उन्हाने आणि फडफडण्याने ताण सोडतं, आणि त्याचं पोट मागे सरकतं. नव्या मेनसेलचं सगळ्यात खोल पोट लफपासून ४५ ते ५० टक्क्यांवर असतं, जेनोआचं ३५ ते ४० वर. ते साठच्या पुढे गेलं की मागची कड वाऱ्याकडे वळून रडरचंच काम उलट्या दिशेने करते.

बूमच्या मध्याखाली पाठीवर पडून, दहा-बारा नॉट वाऱ्यात, वर फोटो काढा. शिडावर आडवी रंगीत पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर शिवणीची ओळ धरा. फोटोत लफ ते लीच सरळ रेघ ओढा आणि सगळ्यात जास्त अंतर कुठे आहे ते मोजा. कनिंगहॅम पूर्ण ओढूनही पोट पुढे येत नसेल तर कापडच संपलंय. शिडं शिवणारे कारागीर मागची कड उसवून पुन्हा कापून देतात, त्यात एखाद-दोन मोसम निघतात. पैसे एकाच शिडाला पुरत असतील तर आधी मेनसेल नवं घ्या, जुनी जिब चालवता येते. पावसाळ्यात शिडं बूमवर ठेवूच नका. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरात न्या, नाहीतर सप्टेंबरात बुरशीचे काळे ठिपके निघतील.

ऑटोपायलटवाल्यांसाठी

मोसमात गोव्याहून मुंबईला जायचं म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल वायव्येच्या वाऱ्याला तोंड देत जाणं. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, जयगड करत गेलात तरी दर दुपार क्लोज हॉल्डच. टिलर १० अंशांवर धरायला ऑटोपायलटचा मोटर सतत झगडतो आणि रात्रीपर्यंत बॅटरी उतरते. इथे एक रीफ जास्त घेऊन अर्धा नॉट वेग सोडलेला परवडतो.

एवढं करूनही टिलर सुटत नसेल, तर मोठ्या कामांचा विचार: नाळेपुढे छोटा बोस्प्रिट काढून जिब पुढे नेणं, किंवा नवं रडर. नवं पातं करून घेताना त्याचं १० ते १५ टक्के क्षेत्र आसाच्या पुढे येऊ द्या, हाताचा भार बराच उतरतो. लोभाने वीस-पंचवीसपर्यंत नेऊ नका. तेवढं पुढे गेलं की पातं वळवल्यावर आपणहून आणखी वळतं, हाताला काहीच जाणवत नाही, आणि इंजिनवर मागे जाताना टिलर हातातून हिसकावला जातो.